परडीतले नवरदेव

सुलक्षणा : ‘बी हातान लाव गो, पाणी हातान घाल. बैलाच्या घामाचा कायएक नको. ह्या वर्षी ऋषीचो भोपळो तुझो.’ अगदी हेच शब्द, शकु. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या सासूबाई.

शकु : म्हणाल्या ना? मग झालं. सकाळी साडेसहाला गच्चीवर भोपळ्याच्या वेलासमोर डोळे पुसत उभी राहा, असं तर नाही म्हणाल्या? मी खाली तोंडात पेस्ट घेऊन नळासमोर उभी आहे कधीची. नळ नुसता सुस्कारे टाकतोय. आज पाणी का नाही सोडलं आपल्या सेक्रेटरीने?

सुलक्षणा : मला काय ठाऊक? मी फुलं तोडायला आले तेव्हा टाकीपाशी कोणी नव्हतं. त्यांची चप्पल मात्र पडलीय. ती बघ.

शकु : एकच? नंदकुमार एका चपलेत गेले? दुसऱ्या पायात काय, सोसायटीची नोटीस?

सुलक्षणा : हसू नकोस गं. इकडे बघ आधी. आणखी एक गेला. परवा एवढासा होता, सुपारीएवढा, हिरवागार, तुकतुकीत. आज पिवळा पडून देठापासून सुटला. एकही धरत नाही. ऋषिपंचमीला महिना राहिला.

शकु : नजर लागली असेल.

सुलक्षणा : लिंबू-मिरची बांधली. ती बघ, टीव्हीच्या अँटेनाला. कापूर ओवाळला. पिंपाला रोज तीन प्रदक्षिणा घालते.

शकु : डांबराच्या पिंपाला!

सुलक्षणा : आता त्यात माती आहे. खत घातलंय. आरे कॉलनीतून शेण आणलं मी, पिशवीतून, बसने. कंडक्टर म्हणाला, मावशी, याचं वेगळं तिकीट. सगळी बस नाक धरून बसलेली. आणि शेण घेताना तिथल्या माणसाला तीनतीनदा विचारून घेतलं, बाबा, बैलाचं नाही ना?

शकु : मग काय म्हणाला तो?

सुलक्षणा : म्हणाला, बाई, इथे दूध काढतात. बैलाचं कुठून काढणार?

शकु : अगं थांब, पेस्ट गिळली मी! सुलू, तू ना… बरं, ऐक. एक झकास सांगते. मुलुंडच्या मार्केटात जा, छान लालबुंद भोपळा घे, पिशवीत घाल, गावाला घेऊन जा. कुणाला कळतंय?

सुलक्षणा : मला कळेल ना.

शकु : ते पण आहेच.

सुलक्षणा : ऋषिपंचमीचा नियमच तो. ज्या शेतात बैल राबला, तिथलं त्या दिवशी खायचं नाही. हाताने लावलेलं, परसातलं तेवढं चालतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं ऋषीच्या भाजीत स्वतःच्या हातचा भोपळा घातला. औंदा उजवा हात उचलतच नाही त्यांचा. बिया त्यांनीच दिल्या, डाव्या हाताने, रुमालाची गाठ दातांनी सोडून. मी ‘हो’ म्हटलं. तर माझी जाऊ, वनमाला, दारात उभी राहून काय म्हणाली माहितीय? ‘मुंबैक भोपळे मार्केटात पिकतत.’

शकु : ती माझ्यासारखीच आहे की!

सुलक्षणा : सासूबाई तेव्हा हसल्या नाहीत, शकु. माझ्याकडे बघत राहिल्या. ‘जमात मा?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, जमेल. आता रिकाम्या हाताने कशी उभी राहू त्यांच्यासमोर?

शकु : रडू नको गं. मला सकाळी सकाळी कुणी रडलं की दिवसभर हातून बाटल्या फुटतात लॅबमध्ये. बघू दे तुझा वेल. पानं तर ताटाएवढी आहेत. कीड नाही. नंदकुमारच्या अँटेनावर चढलाय, म्हणजे तब्येत ठणठणीत. आणि फूल? हे एक टपोरं उमललंय की.

सुलक्षणा : ते तसंच ठेवते मी. त्याच्या खाली बोंड आहे ना. पोटुशीला हात लावू नये.

शकु : आणि बाकीची फुलं कुठायत?

सुलक्षणा : परडीत. श्रावणभर देवीला रोज पाच पिवळी फुलं वाहते मी. नेम आहे माझा. पण पाप नाही हं केलं. नुसत्या दांडीवरची, बिनबोंडाची तेवढीच तोडते. वांझ असतात ती, त्यांना काही फळ धरायचं नसतं.

शकु : थांब. थांब, थांब, थांब. रोज तोडतेस?

सुलक्षणा : रोज. उजाडता उजाडता. माशी-पाखरू शिवायच्या आत. शिवलेलं उष्टं होतं ना.

शकु : एक पण नाही ठेवत?

सुलक्षणा : देवाचं काम, हात आखडता कशाला घ्यायचा?

शकु : सुलू, खाली बस. त्या पिंपावर नको, जमिनीवर बस. ती वांझ फुलं नाहीत.

सुलक्षणा : मग?

शकु : बाप्ये आहेत ते!

सुलक्षणा : काय?

शकु : बाप्ये! पुरुष! पंधरा वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुतेय मी, बॉटनीच्या बाईंचं लेक्चर दारात उभी राहून तोंडपाठ झालंय. भोपळ्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. बोंडवाली ती बाई. बिनबोंडाचा तो बाप्या. त्याच्या पोटातला पिवळा भुगा तिच्या पोटात पडला तर भोपळा. नाही पडला तर ते बोंड वाट बघून बघून पिवळं होणार आणि गळणार. आणि तू, बये, रोज पहाटे पाच नवरदेव मांडवातून उचलून थेट देवीपुढे!

सुलक्षणा : अगं बाई! अगं बाई गं! देवीला मी… रोज पाच…

शकु : पाच बाप्ये! श्रावण सुरू होऊन किती दिवस झाले? देवी म्हणत असेल, ही बया मला रोज वऱ्हाड का पाठवते?

सुलक्षणा : गप बस! हसवू नकोस, देवीसमोरचं आहे ते… शकु, नको ना… माझं पोट दुखायला लागलं…

शकु : आणि नाव काय तर नजर लागली! पिंपाला प्रदक्षिणा! बिचाऱ्या नवऱ्या रोज नटूनथटून उभ्या, ‘आले का हो? आले का?’ आणि तिकडे परडीत सगळे गप्पा मारतायत.

सुलक्षणा : पण हा भुगा इकडून तिकडे जातो कसा? त्यांना काय पाय आहेत?

शकु : माश्या कशाला आहेत? मधमाशी मधासाठी याच्या घरी जाते, अंगाला भुगा फासून घेते, मग तिच्या घरी जाते. झाला साखरपुडा. तुझ्या या टाकीखालच्या भोकात अख्खं पोळं आहे. सातेरी माश्या. रोज येतात, इकडे तिकडे बघतात, नवरदेवच नाहीत म्हणून परत जातात.

सुलक्षणा : म्हणजे सगळं माझ्या हातून झालं? माझ्या नेमानेच मोडलं?

शकु : आता चेहरा पाडू नको. आजची परडी दे इकडे. ताजे आहेत अजून.

सुलक्षणा : नाही गं! देवीच्या नावाने तोडलीत ती.

शकु : मग देवीच्या नावानेच लग्न लावू. पाचांतला एक दे. चार देवीला. ती काही मोजायला बसत नाही. आणि बसली तर सांग, एक कन्यादानाला गेला.

सुलक्षणा : …हा घे. हा मोठा दिसतोय.

शकु : आता याच्या पाकळ्या सोलायच्या. अशा. मधला दांडा तेवढा राहू द्यायचा.

सुलक्षणा : शकु! नवरदेवाचे कपडे काढतेस?

शकु : बाईंनी असंच शिकवलंय, मी काय करू? तू मान तिकडे कर हवी तर. बघ, बोटाला किती लागला भुगा. झकास मुलगा आहे. आता नवरी. जवळ ये, पाकळ्या हलकेच बाजूला धर.

सुलक्षणा : थांब. असं नको. काहीतरी म्हणायला हवं. आणि मध्ये काही धरायला हवं. हा माझा पदर घे, अंतरपाट.

शकु : हे बोलली खरी सुलू! धर पदर. मंगलाष्टकं मी म्हणते. ऐका हो ऐका. ‘आरे कॉलनीचे शेण, पिंप हे डांबरी, मांडव हा घातला, अँटेनावर बैसली नवरी, वर तो परडीतुनी पातला, म्हैस ही मावशी, कावळा करवला, सेक्रेटरी लापता, पाणी नाही नळाला, तरीही लग्नघटिका साधा, शुभमंगल…’

सुलक्षणा : सावधान!

नंदकुमार : कसलं सावधान? आता सावधान? साडेपाचला व्हायला हवं होतं सावधान!

सुलक्षणा : अगं बाई, नंदकुमारभावजी! तोंडाला काय झालं तुमच्या?

शकु : ओठ की वडा?

नंदकुमार : थट्टा नको. माशी चावली. दोन चावल्या. एक इथे ओठाला, दुसरी कुठे ते सांगणार नाही. सोसायटीचं पाणी सोडायला आलो होतो मी. माझं स्वतःचं नव्हे.

शकु : आधी अक्षता टाका. मुहूर्त टळतोय. हा बघा, टेकवला दांडा. फिरव, फिरव, चांगला लागू दे भुगा. हं! लागलं लग्न!

नंदकुमार : कुणाचं लग्न? या गच्चीवर समारंभाला लेखी परवानगी लागते.

सुलक्षणा : भोपळ्याचं हो. बसा तुम्ही. हळद लावू का ओठाला? परडीत आहे.

नंदकुमार : हळद नको. मी फक्त सांगायला आलोय. आज चार वाजता भांडुपहून माणूस येतोय. रॉकेल, चिंध्या, सगळं घेऊन. टाकीखालचं पोळं जाळून टाकायचं. चारला कुणी गच्चीवर कपडे ठेवू नका.

शकु : जाळणार?

नंदकुमार : मग काय हळदीकुंकवाला बोलावू? चौदा जणांच्या सह्यांचा अर्ज आहे. हा, खिशातच आहे.

शकु : तुम्ही काय केलंत त्यांना? सातेरी उगाच नाही चावत. अंधारात तर उडतही नाहीत.

नंदकुमार : मी काही केलं नाही. कॉक फिरत नव्हता. गंजलाय. म्हणून विटेने चार ठोके मारले.

शकु : कुणाच्या डोक्यावर?

नंदकुमार : कॉकवर! त्यांचं घर कॉकखाली आहे, तो काय माझा दोष?

शकु : साडेपाचला तुमच्या दारावर विटेने कुणी चार ठोके मारले तर तुम्ही चहा विचाराल?

नंदकुमार : शकुताई, चार मजल्यांचं पाणी माझ्या हातात आहे. पोरंटोरं गच्चीवर खेळतात. उद्या कुणाच्या डोळ्याला चावली तर मला विचारतील, तुम्हाला नाही. आणि अर्जावर पहिली सही कुणाची आहे माहितीय? वहिनींची.

शकु : सुलू, तुझी?

सुलक्षणा : माझी? कधी केली मी?

नंदकुमार : गेल्या रविवारी. तुम्ही पोथी वाचत होतात. मी कागद पुढे केला, तुम्ही सही केलीत आणि वर प्रसादाचा लाडू दिलात.

सुलक्षणा : मला वाटलं गणपतीच्या वर्गणीचं आहे.

नंदकुमार : तुमची सही बघून बाकीच्यांनी केल्या. तळमजल्यावरचे काका तर आधी नाहीच म्हणत होते. जीव जाळायचे म्हणजे पाप, म्हणाले. मी म्हटलं, वरच्या वहिनींनी केलीय. मग म्हणाले, त्या एवढं देवाचं करतात, त्यांनी केली म्हणजे पाप नसणार.

सुलक्षणा : असं म्हणाले?

नंदकुमार : अगदी असंच.

शकु : सुलू, सोड. खरं सांगू? तुझं काम झालंय. लग्न लागलं, महिन्याभरात भोपळा. सासूबाई खूश, जाऊ गप्प. तुझं त्या माश्यांशी आता काही अडत नाही.

सुलक्षणा : माझं अडत नाही.

शकु : तेच तर.

सुलक्षणा : शकु, तू मघाशी म्हणालीस, त्या रोज येतात आणि परत जातात.

शकु : हो. मग?

सुलक्षणा : भोपळ्याचंच असतं का हे, की बाकीच्याही भाज्यांचं?

शकु : बापरे. दोडका, पडवळ, काकडी, कारलं. मार्केटातली अर्धी पाटी त्यांचीच. भात वाऱ्यावर भागतो, त्याला माशी लागत नाही. पण भातावर घालायचं काय मग? कोरडा गिळा. नंदकुमारभाऊ, तुम्ही मे महिन्यात देवगडहून आंब्याच्या पेट्या आणता आणि जिन्यात वास दरवळत ठेवता. तो मोहोर कुणी फळवला? सेक्रेटरीने सर्वानुमते?

नंदकुमार : आंब्याला पण माश्या लागतात?

शकु : मधमाश्या, साध्या माश्या, दिसेल ती. एक-एक मोहोर घ्या हातात आणि भुगा लावत बसा काडीने. बघू किती पेट्या होतात.

नंदकुमार : देवगडच्या माश्या देवगडला आहेत. त्यांना कुठे जाळतोय मी?

सुलक्षणा : भावजी, मला एक सांगा. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं का खात नाहीत?

नंदकुमार : तशी रीत आहे.

सुलक्षणा : सासूबाई सांगतात, तो मुका जीव वर्षभर आपल्यासाठी राबतो, तर एक दिवस आपण त्याच्या घामाला हात लावायचा नाही. आठवण म्हणून. मी आरेत जाऊन विचारून आले, शेण बैलाचं नाही ना. बैलाला त्रास नको म्हणून एवढी जपले. आणि इथे ही एवढीशी, हिला वेसण नाही, दावं नाही, हाकायला कोणी नाही. आपणहून येते. हिच्या कष्टाचं मी बारा महिने खातेय, आणि कधी नावही घेतलं नाही. वर हिच्या घरात रॉकेल ओतायला पहिली सही माझी.

शकु : सुलू…

सुलक्षणा : रोज पंचामृतात मध घालते मी. माशी शिवलेलं फूल उष्टं म्हणते, आणि मध काय असतो गं?

शकु : मी नाही बोलले हं. तूच बोललीस.

सुलक्षणा : भावजी, माझी सही खोडा.

नंदकुमार : आता? अहो, माणूस निघाला असेल.

सुलक्षणा : चार वाजायला अवकाश आहे. कागद द्या. मीच खोडते.

नंदकुमार : पेन घरी आहे.

सुलक्षणा : कुंकू आहे.

नंदकुमार : वहिनी! सोसायटीचा कागद आहे! कुंकवाने नाही खोडत… अहो… अहो, बोट ओलं आहे तुमचं… काय केलंत हे! आता हा अर्ज दिसतो की लग्नपत्रिका?

शकु : आजचंच लग्न आहे, चालेल!

नंदकुमार : मी उरलेल्या तेरा जणांना काय तोंड दाखवू? आणि या ओठासकट?

सुलक्षणा : त्यांच्याकडे मी जाते. दारोदार जाऊन सांगेन, माझी चूक झाली. न वाचता सही केली.

नंदकुमार : सांगाल हो. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील पण. पण पाणी कोण सोडणार? मी त्या कॉकला हात लावणार नाही. एकदा चावून घेतलं, बस झालं. चार मजले बिनपाण्याचे राहतील.

सुलक्षणा : मी सोडीन.

नंदकुमार : रोज?

सुलक्षणा : रोज. साडेपाचला. तशी पाचला उठतेच मी पूजेसाठी. अंधार असतो, त्या घरात असतात. समईतलं तेल घालीन कॉकला, म्हणजे ठोकावं लागणार नाही. आणि पोरांना तिकडे जाऊ देणार नाही, तिथे तुळशीची कुंडी आडवी ठेवते.

नंदकुमार : एक दिवस चुकला तर?

शकु : सुलूचा नेम चुकलेला कुणी बघितलाय? देवीचे पाच बाप्ये एक दिवस चुकले नाहीत!

नंदकुमार : कुणाचे पाच?

सुलक्षणा : काही नाही हो. शकु, गप.

नंदकुमार : आणि गणपतीला? तुम्ही दहा दिवस गावाला जाता. तेव्हा?

सुलक्षणा : तेव्हा तुम्ही.

नंदकुमार : मी? मी आत्ताच म्हटलं ना, मी हात लावणार नाही! शकुताई सोडतील.

शकु : मी? साडेपाचला? मला सूर्य कसा असतो ते फोटोतच माहितीय. आज पाणी नव्हतं म्हणून दर्शन झालं.

सुलक्षणा : भावजी, वर्षभर मी. दहा दिवस तुम्ही. वचन द्या.

नंदकुमार : वचनबिचन कसलं… बघू तेव्हाचं तेव्हा.

सुलक्षणा : ‘बघू’ नको. हातावर हात ठेवा. असा.

नंदकुमार : …बरं. ठेवला. पण मला त्या वेळी चावली तर तो अर्ज पुन्हा निघेल. कुंकवासकट.

सुलक्षणा : निघू दे.

नंदकुमार : आणि भांडुपवाल्याला काय सांगू?

शकु : सांगा, बिल्डिंगमध्ये लग्न निघालंय. सुतक नको. आणि जाताना ती चप्पल न्या. एका पायाने आलात, दोन पायांनी जा.

नंदकुमार : माझ्या अँटेनावरची ती लिंबू-मिरची काढा आधी. रविवारचा सिनेमा हलतो.

सुलक्षणा : शकु, ते गेले. आता मला एक सांग. माझ्या नेमाचं काय करू? देवीला फुलं तर वाहायलाच हवीत. नर ठेवायचे, मादीला हात नाही लावायचा. मग उरलं काय?

शकु : नर फुलंच वाहा की. फक्त नऊला तोड. तोपर्यंत माश्यांचं उरकतं, फूल उघडंच असतं.

सुलक्षणा : माशी आधी, देवी मागून? देवीला मागे ठेवायचं?

शकु : का गं? तू आधी कुणाला वाढतेस? पोरांना की स्वतःला?

सुलक्षणा : पोरांना.

शकु : मग ती काय तुझ्यापेक्षा कमी आई आहे?

सुलक्षणा : …शकु, तू कधी देवळात जात नाहीस, आणि बोलतेस बघ कशी.

शकु : देवळात साडेपाचला काकड आरती असते म्हणून जात नाही. चल, कॉक फिरव आता. पेस्ट वाळली तोंडात.

(गणपतीला दोन दिवस उरले आहेत. पहाट, अजून अंधार. गच्चीच्या जिन्यातला वरचा टप्पा.)

शकु : धर, धर, नीट धर. पडला तर वनमालाला गावात ऐकू जाईल.

सुलक्षणा : हळू गं, बिल्डिंग झोपलीय. किती जड झाला बघ. तान्ह्या बाळासारखा लागतो हाताला.

शकु : बाळंतपण मी केलंय. महिनाभर अँटेनावर झोळीत टांगून. मी परकराची झोळी देत होते तर तुला सोवळ्यातलाच पंचा हवा. आणि नंदकुमारच्या टीव्हीवर सगळी माणसं तिरकी.

सुलक्षणा : त्यांनी एकदाही तक्रार केली नाही हं.

शकु : करतील कसे? रोज वर येऊन भोपळ्यावर टिचक्या मारून बघायचे. मी पकडलं एकदा. म्हणाले, सोसायटीची तपासणी आहे.

सुलक्षणा : हा पहिला. मागून तीन आणखी धरलेत. मी हात नाही लावला हं, ते माश्यांचे. वेलावर ठेवून जातेय. एक तळमजल्याच्या काकांना दे, एक तुझा.

शकु : आणि तिसरा?

सुलक्षणा : तिसरा बियांना. पुढच्या वर्षी सासूबाईंना बिया मी देणार.

शकु : त्यांना कळवलंस?

सुलक्षणा : नाही. समोर नेऊन ठेवणार, त्यांच्या डाव्या हाताखाली. विळीवर मी धरीन, पहिला काप त्यांनीच द्यायचा. मग बघते त्या काय म्हणतात.

शकु : म्हणतील, हो मार्केटातलोच!

सुलक्षणा : शकु! खाली रिक्षा थांबलीय, आमचे हे हाका मारतील आता. तेवढं पाणी सोडून येते वर आणि निघते.

नंदकुमार : वहिनी, थांबा.

सुलक्षणा : अगं बाई! भावजी! अंधारात जिन्यात का बसलात?

नंदकुमार : पाच वाजल्यापासून बसलोय, तुम्ही दोघी वर वेलापाशी होतात तेव्हापासून. आजपासून माझे दहा दिवस.

शकु : आज तर सुलू आहे अजून.

नंदकुमार : वहिनी निघाल्यात ना. निघाल्यापासून मोजायचं. झोपलेल्या असतात ना हो यावेळी?

सुलक्षणा : हो. कान दिलात तर आत बारीक गुणगुण ऐकू येते तेवढी. पूर्वेला फटफटलं की मग एक-एक बाहेर येते.

नंदकुमार : आणि कॉक?

सुलक्षणा : तेल घातलंय कालच. दोन बोटांनी फिरतो. वीट नको.

नंदकुमार : वीट मी केव्हाच खाली नेऊन टाकली.

शकु : येऊ का सोबतीला? सूर्याची ओळख झालीय माझी आता.

नंदकुमार : नको. दोघांची पावलं वाजतील. ही बॅटरी धरा तुम्ही, वर उजेड नको. तुम्ही निघा वहिनी, तुमची एसटी चुकेल.

सुलक्षणा : अहो, पण गच्ची ओली आहे. चपला तरी घाला.

नंदकुमार : इथेच राहू देत. दोन्ही.